दगा देणारा घोटा

पाय मुरगळणं याला आपल्याकडे कुणी आजार म्हणत नाही. जिन्याची शेवटची पायरी चुकली, शेताच्या बांधावरून पाय घसरला, अंगणात खेळताना पोर पडलं, की घरोघरी उपचार ठरलेला आहे. आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून त्याचा लेप, वरून शेक, आणि शेजारच्या कुणी तेल लावून पाय ओढून दिला की काम झालं. आठ दिवसांत माणूस चालायला लागतो आणि महिन्याभरात विसरून जातो. खरं सांगायचं तर दहातल्या सहा ते आठ जणांचं विसरून जाण्यानं काही बिघडतही नाही. आज मला बोलायचं आहे ते उरलेल्या दोन-चार जणांबद्दल.

ही मंडळी माझ्याकडे पहिल्यांदा पाय मुरगळल्यावर येत नाहीत, पाचव्या-सहाव्या वेळेला येतात. दुखतं का, असं विचारलं तर थोडा विचार करून म्हणतात, "तसं दुखत नाही डॉक्टर, पण पाय दगा देतो." या दुखण्याचं याहून नेमकं वर्णन मला कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडलेलं नाही. एसटीत वाहक असलेल्या एक बाई माझ्याकडे यायच्या. त्यांची अडचण अशी होती, की गाडी वळणावर आली की उजवा पाय आत वळून पडेल या धास्तीनं त्या आधी दांडा धरायच्या. "एका हातात तिकिटाचं यंत्र, दुसऱ्या हातात पैसे. दांडा धरायला तिसरा हात कुठून आणू?" असं त्यांनी विचारलं होतं. दोन वर्षांत त्यांचा पाय सात वेळा मुरगळला होता. नोकरी सोडावी का, इथपर्यंत विचार आला होता.

अशा वेळी घरातली माणसं म्हणतात, "घोटा कमजोर झालाय, टॉनिक घ्या, कॅल्शियम घ्या." इथे एक घोटाळा आहे, आणि तो नुसता शब्दांचा नाही. घोटा अस्थिर असणं वेगळं आणि कमजोर असणं वेगळं. दोन्हींत पाय वळतो, दोन्हींत माणूस पडतो, पण एकीवरची शस्त्रक्रिया दुसरीवर केली तर काहीही उपयोग होत नाही. म्हणून ऑपरेशन कोणतं, या प्रश्नाच्या आधी बिघाड कुठे आहे, हा प्रश्न सोडवावा लागतो.

घोट्याची रचना समजली तर पुढचं सगळं सोपं जाईल. नडगीचं जाड हाड आणि त्याच्या शेजारचं बारीक हाड अशी दोन हाडं खाली येऊन एक चौकट तयार करतात. आपल्या हाताला आतून आणि बाहेरून जे दोन उंचवटे लागतात, ते या चौकटीचे दोन खांब. या चौकटीत एक हाड बसतं, त्याला टेलस म्हणतात. सुताराच्या भाषेत सांगायचं तर खाचेत बसवलेला कूस. या टेलसची एक गंमत आहे. त्याला एकही स्नायू चिकटलेला नाही. शरीराचा सगळा भार त्याच्यावरून जातो, पण त्याला थेट ओढून धरणारं कुणी नाही. तो जागेवर राहतो तो आजूबाजूच्या हाडांच्या आकारामुळे आणि लिगामेंटमुळे. लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधणारी दोरी.

शिवाय हे हाड पुढे रुंद आणि मागे अरुंद असतं. पाऊल वर उचललेलं असताना रुंद भाग चौकटीत घट्ट बसतो. पाऊल खाली झुकवलं, म्हणजे उतार उतरताना किंवा उंच टाचेची चप्पल घातल्यावर, अरुंद भाग चौकटीत येतो आणि सांधा थोडा सैल पडतो. बहुतेक पाय उतरतानाच का मुरगळतात, याचं उत्तर यात आहे. त्या क्षणी सगळी भिस्त दोऱ्यांवर असते. आतल्या बाजूची दोरी पंख्यासारखी रुंद आणि चिवट आहे. बाहेरच्या बाजूला मात्र तीन सुट्या दोऱ्या आहेत आणि त्यांतली पुढची सर्वांत नाजूक. पाऊल आत वळलं की पहिली तुटते ती हीच. फार जोर लागला तर टाचेच्या हाडाकडे जाणारी दुसरीही तुटते.

तुटलेली दोरी जुळते, पण पुष्कळदा लांब होऊन जुळते. कपडे वाळत घालायची दोरी सैल पडल्यासारखं होतं. हा झाला एक बिघाड. दुसरा डोळ्यांना दिसत नाही. मायकेल फ्रीमन या इंग्लंडमधल्या सर्जननं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये दाखवून दिलं, की मुरगळलेल्या घोट्यात दोरीबरोबर तिच्यातले बारीक मज्जातंतूही इजा पावतात. पाऊल कुठल्या कोनात आहे, ही खबर मेंदूला देणारे हे तंतू. खबर उशिरा पोचली की स्नायू उशिरा आकसतात, तोवर पाय वळून गेलेला असतो. म्हणजे दोरी शाबूत असूनही पाय दगा देऊ शकतो. हाच फ्रीमन पुढे कृत्रिम गुडघ्याच्या रचनेसाठी नावाजला गेला, पण त्याचं हे जुनं काम मला अधिक मोलाचं वाटतं, कारण त्यानं सुचवलेल्या उपायाला चाकू लागत नाही.

त्याची एक छोटी परीक्षा आत्ताच करून पाहता येईल. भिंतीजवळ उभे राहा, म्हणजे तोल गेला तर हात टेकता येईल. एका पायावर उभं राहून डोळे मिटा. मग दुसऱ्या पायावर तेच करा. ज्या पायावर तोल लवकर जातो, त्या पायाची खबर देणारी यंत्रणा मंद आहे. वय झालेल्यांनी आणि चक्कर येणाऱ्यांनी हा प्रयोग करू नये.

यावरचा व्यायाम साधा आहे. रोज सकाळी दात घासताना एका पायावर उभं राहायचं. ते जमलं की डोळे मिटून. तेही जमलं की घडी घातलेल्या गोधडीवर उभं राहून. सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा खाटेच्या पायाला बांधून त्यात पाऊल अडकवायचं आणि पाऊल बाहेरच्या बाजूला ओढायचं, म्हणजे पोटरीच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू बळकट होतात. हे स्नायू म्हणजे घोट्याचे राखणदार, पाय आत वळू लागला की त्याला बाहेर खेचणारे. किमान तीन महिने हे नेमानं करायचं. लोक तीन दिवस करतात आणि "फरक नाही" म्हणून सांगतात. मला ठामपणे सांगायचं आहे, की "ऑपरेशन करावं लागेल" असं समजून माझ्याकडे आलेल्यांपैकी पुष्कळ जण या व्यायामावरच बरे झालेले आहेत. त्यांत कबड्डी खेळणारी मुलं आहेत, बांधकामावर जाणारे मजूर आहेत.

पहिल्यांदा पाय मुरगळतो तेव्हा काय करावं, हेही दोन वाक्यांत सांगतो. पहिले दोन-तीन दिवस चोळायचं नाही, ओढायचं नाही, शेकायचं नाही. कपड्यात गुंडाळून बर्फ लावायचा, पाय उंच ठेवायचा, पट्टी बांधायची आणि दुखणं सोसेल तसं लवकर चालायला लागायचं. एक्स-रे प्रत्येकाला लागत नाही. कॅनडातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये यासाठी सोपे नियम बसवले, ते आज जगभर वापरले जातात. घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांच्या टोकाशी किंवा मागच्या कडेवर बोट दाबल्यावर हाड दुखलं, पावलाच्या बाहेरच्या कडेच्या मध्यावरचं किंवा आतल्या बाजूचं हाड दाबल्यावर दुखलं, किंवा चार पावलंही टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढावा.

वाहक बाईंनी तीन महिने व्यायाम केला, आणि मनापासून केला. सपाट जमिनीवर त्या चांगल्या चालू लागल्या. पण गाडी वळली की पुन्हा तेच. त्यांची नडगी एका हातानं धरून दुसऱ्या हातानं टाच पुढे ओढली, तर टेलस चौकटीतून टेबलाच्या खणासारखा पुढे सरकत होता. डाव्या पायात तसं होत नव्हतं. ही तपासणी हातानं होते, फुकट होते, आणि माझ्या मते एमआरआयहून अधिक सांगते. एमआरआय हे झोपलेल्या पायाचं चित्र आहे. दोरी तुटल्याचं ते दाखवतं, आतल्या कूर्चेला धक्का लागला असेल तर तेही दाखवतं आणि त्यासाठी ते काढावंही. पण उभ्या माणसाचा पाय दगा देतो की नाही, हे त्यात दिसत नाही. त्यामुळे नुसता रिपोर्ट वाचून ऑपरेशन ठरवू नये.

मग शस्त्रक्रिया. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्जन मंडळींचा कल उसनवारीकडे होता. लिगामेंट सैल झालं आहे ना, मग शेजारच्या स्नायूचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा, घ्या आणि हाडात भोक पाडून दोरी म्हणून ओवा. वॉटसन-जोन्स, १९५३ मध्ये इव्हान्स, १९६९ मध्ये क्रिसमन आणि स्नूक, अशी या पद्धतींना सर्जनांची नावं आहेत. पाय मुरगळायचा थांबायचा, हे खरं. पण तो टेंडन पोटरीच्या बाहेरच्या त्या राखणदार स्नायूंपैकीच एकाचा असायचा. दाराचा कडीकोयंडा दुरुस्त करायला पहारेकऱ्याचा हात बांधून ठेवावा, तसं ते होतं. शिवाय पट्टा मूळ दोरीच्या जागी बसत नसल्यानं टाचेची हालचाल आखडायची, आणि ओबडधोबड जमिनीवर चालणाऱ्या माणसाला टाचेची तीच हालचाल हवी असते.

१९६६ मध्ये स्वीडनच्या लेनार्ट ब्रोस्ट्रॉम यांनी वेगळी गोष्ट मांडली. जुनी दोरी शोधा, ती तिथेच असते. फक्त लांबलेली असते. ती आखूड करून पुन्हा तिच्याच जागी शिवा. वर्षानुवर्षांची इजा असली तरी हे जमतं, हे त्यांनी करून दाखवलं. १९८० मध्ये नॅथॅनिएल गूल्ड यांनी त्यात भर घातली. घोट्यासमोर टेंडनांना जागेवर ठेवणारा एक पातळ पट्टा असतो, तो ओढून या शिवणीवर अस्तरासारखा लावायचा. आज जगभर पहिली पसंती असते ती याच शस्त्रक्रियेला.

वाहक बाईंवर हीच केली. कमरेत इंजेक्शन देऊन पाय बधिर करतात. आधी सांध्यात दुर्बीण घालून कूर्चा पाहतात, कारण वारंवार मुरगळलेल्या घोट्यात ती खरवडलेली असू शकते आणि दोरी शिवूनही दुखणं मागे राहण्याचं ते एक कारण असतं. मग बाहेरच्या उंचवट्यासमोर चार-पाच सेंटिमीटरची चीर. सैल दोरी हाडाजवळ कापायची, पाऊल बाहेर वळवून धरायचं, दोरी ताणून बारीक हाडाच्या टोकाशी पुन्हा बसवायची. त्यासाठी हाडात छोटी छिद्रं पाडतात किंवा दोरा जोडलेले छोटे खिळे रोवतात. अलीकडे शिवणीच्या जोडीला एक मजबूत कृत्रिम फीतही लावतात. वजनदार माणसाला किंवा खेळाडूला तिचा आधार होतो, पण ती प्रत्येकाला लागतेच असं मला वाटत नाही. ज्यांचे सगळेच सांधे जन्मतः लवचीक असतात, अंगठा मागे वळून मनगटाला टेकतो असे लोक, त्यांची स्वतःची दोरी मुळातच ताणली जाणारी. त्यांच्यासाठी मांडीच्या मागचा टेंडन घेऊन नवी दोरी करणं बरं, आणि तीही मूळ दोरीच्या जागीच बसवायची.

दहातल्या आठ-नऊ जणांना या शस्त्रक्रियेचा चांगला गुण येतो. धोके लहान आहेत, पण आहेत. चिरेजवळून जाणाऱ्या बारीक नसेला धक्का लागला तर पावलाचा वरचा भाग बधिर राहतो. जखम चिघळू शकते, सांधा आखडू शकतो, पोटरीत रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि काहींची दोरी पुन्हा सैल पडते.

आपल्याकडच्या लोकांसाठी एक सूचना परदेशी पुस्तकांत मिळत नाही. पहिले तीन महिने मांडी घालून बसायचं नाही. मांडी घातली की पाऊल खाली झुकतं आणि आत वळतं, म्हणजे शिवण ज्या दिशेनं उसवेल नेमकी तीच स्थिती. त्यात बाहेरचा उंचवटा जमिनीवर दाबला जातो, तो त्रास वेगळाच. देवपूजा, पंगत, भजन सगळं खुर्चीवर बसून. पहिले दोन आठवडे प्लास्टर, पुढे सहा आठवड्यांपर्यंत बूट किंवा पट्टा, पण त्यात लवकरच पाय टेकवून चालणं, आणि मग पुन्हा तेच दात घासतानाचं एका पायावर उभं राहणं. हा टप्पा टाळला तर उत्तम शिवलेला घोटाही दगा देतो, कारण खबर देणारे तंतू सुईदोऱ्यानं बरे होत नाहीत. संध्याकाळी थोडी सूज सहा-सहा महिने येते, तिला घाबरायचं कारण नाही. बाई चौथ्या महिन्यात आधी डेपोतल्या बैठ्या कामावर आणि मग गाडीवर गेल्या.

काही वेळा दोरी शिवूनही ती वर्षा-दोन वर्षांत पुन्हा सैल होते. अशा पायाकडे मागून पाहावं. माणूस पाठमोरा उभा केला की दिसतं, त्याची टाच आतल्या बाजूला कललेली असते आणि तळपायाची कमान उंच असते. भिंतच कललेली असेल तर दोर कितीही नवा लावला तरी तुटणारच. अशा वेळी आधी टाचेचं हाड सरळ करावं लागतं. लिव्हरपूलच्या फ्रेडरिक ड्वायर यांनी १९५९ मध्ये सांगितल्याप्रमाणे टाचेच्या हाडातून बाहेरच्या बाजूनं पाचरीसारखा तुकडा काढायचा आणि फट मिटवून टाच जमिनीला सरळ टेकवायची. मागून पाहायला अर्धं मिनिट लागतं. ते अर्धं मिनिट रुग्णानं डॉक्टरकडे मागून घ्यायला हरकत नाही. मधुमेह असलेल्यांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी. पाऊल सुजलेलं, लालसर, हाताला गरम लागतं आणि तरी दुखत नाही, असं असेल तर ती मुरगळ समजू नका. संवेदना गेलेल्या पायात हाडं आतल्या आत ढासळत असू शकतात. तिथे त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आता दुसरा प्रकार, खरी कमजोरी. इथे दोऱ्या धडधाकट असतात, पण पाऊल वर उचलणारे स्नायूच काम करत नाहीत. चालताना पाऊल लोंबतं, माणूस गुडघा उंच उचलून फटफट पाय टाकतो आणि बोटं अडखळून पडतो. पूर्वी पोलिओनं लुळे झालेले पाय पुष्कळ असायचे. भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यामुळे ते आता नव्यानं दिसत नाहीत. आता कारणं वेगळी. कमरेची सरकलेली गादी, अपघात, किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दबलेली नस. ही नस तिथे हाडावरून कातडीच्या अगदी खालून जाते. घट्ट प्लास्टरनं ती दबते, आणि खुरपणीला किंवा लावणीला तासन्‌तास उकिडवं बसल्यानंही दबते. अशी दबलेली नस बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारते. तेवढा काळ पावलाला पट्ट्याचा आधार द्यायचा आणि वाट पाहायची.

याच ठिकाणी ही नस कुष्ठरोगातही मारली जाते. वेल्लोरला १९४६ पासून काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या हातापायांवर स्नायूंची जागा बदलण्याच्या शस्त्रक्रिया रूढ केल्या, आणि आज लोंबणाऱ्या पावलावर जे ऑपरेशन आपण करतो त्याला त्या कामाचं मोठं पाठबळ आहे. पाऊल आत वळवणारा स्नायू वेगळ्या नसेवर चालतो, तो शाबूत राहिलेला असतो. नस परत येण्याची वर्षभर वाट पाहून झाली, औषधं नीट चालू आहेत आणि आजार शांत आहे, अशा वेळी त्या स्नायूचा टेंडन आतल्या बाजूनं सोडवून पावलाच्या पाठीवर आणून जोडतात. प्लास्टर निघाल्यावर माणसाला पाऊल उचलायचं असेल तर मनात "आत वळव" असं म्हणावं लागतं, कारण मेंदूला तो स्नायू त्याच कामासाठी ठाऊक असतो. दीड-दोन महिन्यांच्या सरावानं मेंदू नवं काम शिकतो आणि मग विचार करावा लागत नाही.

चप्पल पायातून निसटून मागे राहिली आणि बऱ्याच अंतरानंतर कळलं, असं ज्याला होतं त्यानं लाजून घरी बसू नये. कुष्ठरोगाची औषधं सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात आणि नस दुखायला लागल्याबरोबर उपचार झाला तर पाऊल लोंबण्याची वेळच येत नाही. ऑपरेशननं पाऊल उचललं जातं, तळव्याची गेलेली संवेदना मात्र परत येत नाही. म्हणून मऊ मायक्रोसेल्युलर रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल वापरायची आणि रोज रात्री दिव्याजवळ बसून दोन्ही तळवे पाहायचे, स्वतःला दिसत नसतील तर घरातल्या कुणाला तरी दाखवायचे.